जहाजावर जाताय? तब्येतीतला बदल कधी, कुणाला आणि कसा कळवायचा

मेडिकल सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे, मुदत संपायला अजून वर्ष आहे, म्हणजे आपण फिट. मर्चंट नेव्हीत नव्याने आलेल्या बहुतेक मुलांची अशीच समजूत असते. पण सर्टिफिकेट मिळतं ते तपासणीच्या दिवशी तब्येत कशी होती त्यावरून. त्यानंतर शुगर निघाली, हर्नियाचं ऑपरेशन झालं, क्रिकेट खेळताना खांदा निखळला किंवा रात्र रात्र झोप लागेनाशी झाली, तर डॉक्टरांनी पाहिलेला माणूस आणि जहाजाची शिडी चढणारा माणूस यांत फरक पडला. हा फरक वेळेत कळवणं तुमचं काम आहे. कंपनी किंवा डॉक्टर घरी येऊन विचारणार नाहीत.

कोकणातून, मुंबईतून कितीतरी मुलं जीपी रेटिंग, डेक कॅडेट, ज्युनियर इंजिनिअर म्हणून पहिल्यांदा बोटीवर जातात. कोर्समध्ये आग विझवायला शिकवतात, लाइफबोट उतरवायला शिकवतात. तब्येतीचं काय सांगायचं हे मात्र मुलं एजंटच्या ऑफिसबाहेर उभं राहून शिकतात, आणि तिथला सल्ला ठरलेला असतो: "बोलू नकोस, उगाच लटकशील." हा सल्ला चुकीचा आहे आणि तो किती महागात पडू शकतो, हे पहिल्या जॉइनिंगआधीच कळायला हवं.

इथे दिलेले नियम मुख्यतः दोन आंतरराष्ट्रीय करारांतले आहेत: मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, म्हणजे एमएलसी, आणि एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांचं प्रशिक्षण, सर्टिफिकेट आणि वॉच यांबद्दलचा करार. भारताने एमएलसीला २०१५ मध्ये मान्यता दिली आणि ९ ऑक्टोबर २०१६ पासून तो आपल्याकडे लागू आहे. जहाजाचा झेंडा पनामाचा असो की लायबेरियाचा, हा पाया सारखाच. कंपनीचे नियम त्याहून कडक असू शकतात, तेव्हा करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नका.

पायरी १ : आपलं सर्टिफिकेट नीट वाचा

बहुतेक जण फक्त "फिट" हा शब्द पाहून कागद घडी करून ठेवतात. त्यावर आणखी बरंच काही असतं. सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. वय १८ पेक्षा कमी असेल तर एकच वर्ष. रंग ओळखण्याच्या तपासणीची मुदत जास्तीत जास्त सहा वर्षं. तुम्ही कोणत्या कामासाठी फिट आहात, डेक, इंजिन की केटरिंग, हे पाहा. काही मर्यादा लिहिली आहे का, हे पाहा. चष्मा लावूनच फिट असाल तर एक जादा चष्मा सोबत हवा. इंजिन रूममध्ये चष्मा फुटला तर पुढचं बंदर येईपर्यंत दुसरा मिळत नाही.

प्रवासात असताना मुदत संपली तर सर्टिफिकेट पुढच्या अशा बंदरापर्यंत चालतं, जिथे मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून तपासणी होऊ शकते. पण तीन महिन्यांच्या वर नाही. ही सवलत फक्त तारखेपुरती आहे. तब्येत बदलली असेल तर तिचा आधार घेऊ नका.

पायरी २ : कोणता बदल कळवण्यासारखा आहे ते ओळखा

सर्दी, साधा खोकला, दोन दिवसांत बरी झालेली पाठदुखी यासाठी कुणाला ईमेल करायची गरज नाही. शंका आली तर स्वतःला चार प्रश्न विचारा. या त्रासाने मी अचानक कोसळू शकतो का? आगीच्या वेळी पाठीवर सिलिंडर बांधून, मास्क लावून, उभ्या शिडीने मी खाली उतरू शकेन का? डॉक्टर आठ-दहा दिवस लांब असताना हा त्रास वाढला तर जिवावर बेतेल का? माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला धोका आहे का? शिडीच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" किंवा "माहीत नाही" आलं, किंवा बाकी तिघांपैकी एकाचंही "हो" किंवा "माहीत नाही", तर कळवायचं.

दुसरा प्रश्न नव्या मुलांच्या लक्षात येत नाही. "मी तर मेसमन, मला काय जड काम आहे?" असं म्हणतात. पण मस्टर लिस्टवर, म्हणजे आणीबाणीत कुणी काय करायचं त्या यादीवर, प्रत्येकाचं नाव असतं. कुणी स्ट्रेचर पार्टीत, कुणी होज धरायला, कुणी लाइफबोट तयार करायला. अलार्म वाजला की मेसमनही त्या कामाचा माणूस होतो, आणि त्याची तब्येत त्या कामासाठीही तपासलेली असते.

प्रत्यक्षात हमखास येणारे बदल सांगतो. कोणतंही ऑपरेशन, दवाखान्यात दाखल होणं, हाड मोडणं. आकडी येणं किंवा कारण न कळता शुद्ध हरपणं. हे एकदाच झालं असलं तरी. छातीत दुखणं, धाप लागणं, दमा. मूतखडा, कारण इंजिन रूमच्या उष्णतेत घाम जातो, पाणी कमी पडतं आणि खडा पुन्हा डोकं वर काढतो. क्षयरोग, कावीळ. ऐकू कमी येणं. दिवसा सतत पेंग येणं आणि रात्री घोरताना श्वास अडकणं. गरोदरपण; त्यात निर्णय महिना, जहाजाचा मार्ग आणि जवळ उपचार मिळतील का यावर ठरतो, म्हणून कळल्याबरोबर सांगणं सोयीचं. नवं औषध सुरू होणं किंवा जुन्याचा डोस बदलणं हाही बदलच.

शुगर आणि बीपीबद्दल जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त लपवाछपवी याच दोघांची होते. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) यांच्या मार्गदर्शक सूचनांत बीपी वरचं १६० च्या किंवा खालचं १०० च्या वर असेल तर साधारणपणे तपासणी आणि उपचार होईपर्यंत तात्पुरतं अनफिट धरायला सांगितलंय. म्हणजे बीपी आहे एवढ्यावर कुणी घरी बसत नाही. गोळीने आटोक्यात असलं आणि गोळीचा त्रास होत नसला तर काम चालू राहू शकतं. गोळ्यांवरच्या शुगरचंही तसंच, आधी ती स्थिर झाली पाहिजे. इन्सुलिन सुरू झालं तर गोष्ट वेगळी. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून तिथे एकट्याने वॉच (पाळीची ड्यूटी) ठेवणं आणि खोल समुद्रातलं काम यांवर बंधनं येतात. तपासणीच्या आदल्या आठवड्यात भात-साखर बंद करून रिपोर्ट सुधारता येतो, असंही काहींना वाटतं. एचबीएवनसी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवते; आठवड्याच्या पथ्याने ती फारशी हलत नाही.

मनाचं दुखणंही याच यादीत आहे. घरापासून लांब, त्याच वीस-पंचवीस माणसांत, सहा तासांच्या तुटक झोपेवर नऊ-नऊ महिने काढायचे असतात. उदासी, धडधड, जीव नकोसा वाटणं यावर उपचार सुरू असतील तर डॉक्टरांना सांगा, आणि जहाजावर जायचं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. एकदम बंद केलेल्या गोळ्यांचा त्रास बऱ्याचदा जॉइन झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच उफाळतो. बोलायला माणूस हवा असेल तर भारतात टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. समुद्रावरून बोलायचं असेल तर आयस्वान संस्थेची सीफेअररहेल्प ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे.

पायरी ३ : सुट्टीवर असताना बदल झाला तर

आधी आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कागद नीट घ्या. डिस्चार्ज कार्ड, तपासणीचे रिपोर्ट आणि एक पत्र. "पेशंट फिट आहे" एवढंच लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. निदान काय, उपचार काय केले, आता कोणती औषधं किती डोसमध्ये चालू आहेत, पुढची तपासणी कधी, जड वजन उचलायला किंवा शिडी चढायला हरकत आहे का, हे त्यात हवं. गावच्या डॉक्टरांना जहाजावरचं काम कसं असतं याची कल्पना नसते. तुम्ही स्वतः ते दोन वाक्यांत समजावून सांगा.

मग कंपनीच्या क्रू विभागाला लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. मजकूर एवढा पुरे:

"नमस्कार. मी मोटरमन, इन्डॉस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक) अमुक. मार्चमध्ये मेडिकल झाल्यानंतर १० जूनला मला दोन दिवस दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. आता बरा आहे. जॉइन होण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घ्यायची आहे. सगळे कागद त्यांना दाखवतो. कृपया तारीख कळवावी."

आजाराचं नाव यात नाही, हे पाहिलंत? डॉक्टरांना सगळं सांगायचंच. कंपनीच्या ऑफिसला मुख्यतः हवं असतं ते तुम्ही कामाला फिट आहात का आणि काही मर्यादा आहेत का, एवढं. नाव सांगायला हरकत वाटत नसेल तर सांगा, त्याने काम लवकर होतं. पण क्रू विभागातल्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये रिपोर्ट फिरवायची गरज नाही.

वेळ महत्त्वाची. तिकीट निघाल्यावर, व्हिसा झाल्यावर सांगितलंत तर ऑफिसात सगळ्यांची धावपळ होते आणि राग तुमच्यावर निघतो. तीच गोष्ट महिनाभर आधी सांगितली तर दुसरं जहाज, दुसरी तारीख असं काहीतरी बसवता येतं.

मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी डीजी शिपिंगच्या, म्हणजे भारताच्या नौवहन महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर आहे. नाव तिथे तपासूनच जा. "तपासणी नको, सर्टिफिकेट घरपोच" म्हणणाऱ्या दलालाच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. तो कागद गरजेच्या वेळी तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो.

पायरी ४ : तपासणीच्या फॉर्मवर

फॉर्ममध्ये प्रश्नांची लांबलचक यादी असते: ऑपरेशन झालंय का, औषधं चालू आहेत का, कधी मेडिकल कारणाने साइन ऑफ केलंय, म्हणजे जहाजावरून उतरलात का. बाहेर रांग असते, कंपाउंडर घाई करतो आणि मुलं वरपासून खालपर्यंत "नाही"वर एकच रेघ ओढतात. खाली सही असते की वरची माहिती खरी आहे.

एमएलसीनुसार जहाजावर आजारी पडलेल्या माणसाचा उपचार, राहणं-जेवण, घरी परत पाठवणं हा खर्च जहाजमालकाचा. जहाजावर असेपर्यंत किंवा घरी पोहोचेपर्यंत पूर्ण पगार. त्यानंतरही पूर्ण किंवा काही पगार आणि उपचाराचा खर्च द्यावा लागतो, आणि देशाच्या कायद्याने ही मुदत मर्यादित केली तरी ती १६ आठवड्यांपेक्षा कमी करता येत नाही. हे मोठं संरक्षण आहे. पण त्याच नियमात अपवाद आहे: करार करताना आजार जाणूनबुजून लपवला असेल तर मालकाची जबाबदारी टळू शकते. म्हणजे ब्राझीलच्या बंदरात हृदयाचा झटका आला आणि चार वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी लपवल्याचं उघड झालं, तर त्या दवाखान्याच्या बिलावरून वाद सुरू होतो, आणि तो वाद शेवटी तुमच्या बायकोला नाहीतर आई-वडिलांना लढावा लागतो. "लटकशील" म्हणणारा सिनियर तेव्हा कुठे नसतो.

म्हणून एकेक प्रश्न वाचा. इंग्रजी शब्द कळला नाही तर विचारा. "हो" लिहिलंत तर शेजारी वर्ष आणि आता काय स्थिती आहे ते लिहा, सोबतचे कागद दाखवा. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. आपण सांगितलं होतं, हे सिद्ध करायला हाच फोटो लागतो.

पायरी ५ : जहाजावर असताना बदल झाला तर

शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आणि तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असावा लागतो. मालवाहू जहाजावर माणसं जेमतेम वीस-पंचवीस, त्यामुळे तिथे डॉक्टर नसतो. औषधोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी असतो, बहुतेकदा सेकंड किंवा चीफ ऑफिसर. त्याच्यामागे कॅप्टन, आणि कॅप्टनच्या मागे रेडिओ किंवा सॅटेलाइट फोनवर डॉक्टर. हा वैद्यकीय सल्ला कोणत्याही झेंड्याच्या जहाजाला दिवसरात्र मोफत मिळतो. रोमचं सीआयआरएम हे केंद्र तर १९३५ पासून हेच काम करतंय.

अपेंडिक्सचं उदाहरण घेऊ. पहाटेच्या वॉचला बेंबीभोवती दुखू लागतं. मुलगा म्हणतो, गॅस असेल. खिशातली पेनकिलर घेतो, दुखणं दबतं. रात्री ते उजवीकडे खाली सरकतं, उलटी होते, आणखी एक गोळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप १०१ झाल्यावर बोसनला, म्हणजे डेकवरच्या मुकादमाला, कळतं. आता सेकंड ऑफिसर जहाजाच्या हॉस्पिटलमध्ये त्याला झोपवतो, पोट दाबून पाहतो, बीपी, नाडी, ताप लिहितो, कॅप्टन फोन लावतो. पलीकडचे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: दुखणं कधी सुरू झालं आणि कोणती औषधं घेतली? या दोन उत्तरांवर सगळं ठरतं. या दीड दिवसात जहाज साडेचारशे-पाचशे सागरी मैल पुढे आलेलं असतं. हेलिकॉप्टर किनाऱ्याच्या ठरावीक टप्प्यातच येऊ शकतं. काल पहाटे सांगितलं असतं तर श्रीलंका जवळ होती. आज दोन्ही बाजूंना फक्त पाणी आहे.

म्हणून जहाजावर नियम असा ठेवा. दुखणं सुरू झालं की वेळ लिहा. स्वतःजवळच्या गोळ्या घेण्याआधी सांगा. आपल्या विभागाच्या वरिष्ठाला आणि औषधोपचाराच्या अधिकाऱ्याला, दोघांना सांगा. नोंद मेडिकल लॉगमध्ये झाली का, हे नम्रपणे विचारा: "सर, लॉगमध्ये एंट्री करता का?" असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. अपघाताने लागलं असेल तर तो किरकोळ वाटला तरी नोंद हवीच. कमरेला बसलेला हिसका कधी कधी तीन आठवड्यांनी पाय सुन्न करतो, आणि तेव्हा तो जहाजावरच बसला हे दाखवायला त्या एका ओळीशिवाय काही नसतं.

वरिष्ठाने "गोळी घे आणि खाली ये" म्हणून उडवून लावलं तर थेट कॅप्टन साहेबांकडे जा. तुम्हाला तो हक्क आहे. तिथेही दाद लागली नाही तर जहाजावरची तक्रार पद्धत आहे, आणि डीपीए म्हणजे किनाऱ्यावरच्या जबाबदार व्यक्तीचा नंबर जहाजावर लावलेला असतो. बंदरात असताना, शक्य असेल तिथे, विनाविलंब डॉक्टर किंवा दाताच्या डॉक्टरांकडे जाण्याचा हक्क एमएलसी देतो. २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर बंदराच्या देशालाही बांधलंय: तातडीच्या उपचाराची गरज असलेल्या खलाशाला तिथे लगेच उतरू द्यायचं आणि किनाऱ्यावर उपचार मिळू द्यायचे. कोविडच्या काळात खलाशांना बंदरात उतरू न देण्याचे जे प्रकार झाले, त्यानंतर हा नियम आला. तो पाठ असू द्या.

आणखी एक, औषधांचं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध प्यालात आणि दुसऱ्या दिवशी ड्रग टेस्ट झाली तर निकाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. घरून आणलेलं प्रत्येक औषध जॉइन झाल्यावर लगेच कॅप्टनला कळवा, मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसह ठेवा. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल आणि कोडीनवर कडक नियंत्रण आहे, तिथे जॉइन होत असाल तर आधीच एजंटला विचारा. रोजच्या गोळ्या पूर्ण कॉन्ट्रॅक्टच्या आणि वर महिन्याभराच्या न्या, कारण रिलीव्हर, म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस, वेळेवर येईलच असं नाही.

बंदरातल्या डॉक्टरांनी दिलेला रिपोर्ट परत जहाजावर येतो तो गोपनीय असतो, तुमच्या उपचारापुरताच वापरायचा. त्याची प्रत मागून घ्या.

पायरी ६ : निकाल काय येऊ शकतो, आणि पुढे काय

निकाल साधारण चार प्रकारचे: पूर्ण फिट; मर्यादेसह फिट, जसं एकट्याने वॉच नको किंवा किनाऱ्याजवळच्याच सफरी; तात्पुरता अनफिट; आणि कायमचा अनफिट. भीती सगळी चौथ्याची असते. ऑपरेशन, खडा, मोडलेलं हाड, नव्याने निघालेलं बीपी यांत साधारणपणे तिसरा निकाल येतो, आणि त्याला शेवट असतो. डॉक्टरांना तिथेच विचारा: पुन्हा कधी यायचं, आणि येताना कोणते रिपोर्ट आणायचे? हे लिहून घ्या.

सुट्टीवर असताना तात्पुरतं अनफिट ठरलात तर साधारणपणे त्या काळात पगार नाही, हे खरं आहे. कोर्सच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही, घरी विचारतात. ही अडचण मी लहान मानत नाही. म्हणूनच पहिल्या कॉन्ट्रॅक्टपासून तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला टाका, आणि युनियनचे सभासद असाल तर अशा वेळी काय मदत मिळते ते आधीच विचारून ठेवा.

निकाल पटला नाही तर तेच मुकाट्याने गिळायची गरज नाही. सर्टिफिकेट नाकारलं किंवा मर्यादा घातली तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी मागण्याची संधी मिळाली पाहिजे, असं एमएलसीत स्पष्ट आहे. मात्र ती उघड मागा. पहिला निकाल लपवून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नका.

मेडिकल कारणाने साइन ऑफ झालात तर घरी पोहोचल्यावर लगेच, शक्यतो दोन-तीन दिवसांत, कंपनीला लेखी कळवून डॉक्टरांकडे जा. बरं वाटतंय म्हणून पंधरा दिवस गावी राहिलात की दुखणं जहाजावरचं की नंतरचं, हा वाद उभा राहतो. पुढच्या जॉइनिंगआधी जुनं सर्टिफिकेट मुदतीत असलं तरी नवी तपासणी करून घ्या.

निघण्यापूर्वी सगळ्या कागदांची एक फाइल घरी ठेवा आणि फोटो फोनमध्ये: सर्टिफिकेट, भरलेला फॉर्म, औषधांची यादी, रक्तगट, ॲलर्जी, करारपत्र, कंपनीला केलेले ईमेल. घरातल्या एका माणसाला ती फाइल उघडून दाखवा, कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर आणि जहाजाचं नाव त्याच्या फोनमध्ये स्वतः टाकून द्या, आणि तुमचं दुखणं काय आहे तेही त्याला सांगून ठेवा.